नित्याचे वाहन आणि बारडोलीची वाट

आपल्या गावच्या देवळाच्या आवारात एका बाजूस उंच दाराची एक खोली असते, आणि तिच्यात वर्षभर रथ उभा असतो. शिरालीचा चैत्री पौर्णिमेचा रथोत्सव असो, की कवळ्याची वा मंगेशीची माघातली जत्रा असो, ठरलेल्या तिथीस ते दार उघडते, दोरखंडांना शेकडो हात लागतात, आणि फेरी आटोपली की दार पुन्हा बंद होते. एरवीच्या उत्सवांना पालखी पुरते. रथाला कोणी रोजच्या कामास जुंपीत नाही, आणि तो रोज चालत नाही म्हणून त्याचे मोल उणे झाले असेही कोणी मानीत नाही. पूजेत जसे नित्य आणि नैमित्तिक असे दोन भाग आपण जाणतो, तसेच ते वाहनांतही आहेत.

हा विचार माझ्या मनात देवळात आला असता तर त्यात नवल नव्हते. पण तो आला एका सरकारी कचेरीच्या बाकावर. माझ्याजवळ १९६७ सालची एक फियाट आहे. सुरतेत राहून आठवड्यातून दोनदा-तीनदा मी तिच्यातून कामानिमित्त बारडोलीस जातो. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली तिच्या अन्वये, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकाच्या पाटीवर 'व्हीए' ही खास अक्षरे. माझी गाडी पन्नाशी ओलांडून गेली असल्याने मित्रमंडळींचा आग्रह पडला की हा मान तिला मिळालाच पाहिजे. अर्ज हाती घेतला आणि अटी वाचल्या. अशी गाडी प्रदर्शनात मांडावी, जुन्या गाड्यांच्या फेरीत न्यावी, तेल भरावयास वा दुरुस्तीस न्यावी. परंतु रोजच्या ये-जा करण्यासाठी ती रस्त्यावर आणू नये. म्हणजे मान घ्यावयाचा तर बारडोलीची वाट सोडावी लागणार होती. अर्ज तसाच घडी घालून खिशात ठेवला आणि घरी आलो.

ती वाट सोडणे मला का जड जाते हे सांगावयाचे तर त्या वाटेचाच थोडा इतिहास सांगितला पाहिजे. वाहनाचे मोल कशावरून ठरवावे ह्या प्रश्नाने ह्या एका रस्त्याला तीन-साडेतीनशे वर्षांत जितके पिडले आहे, तितके दुसऱ्या एखाद्या रस्त्याला क्वचितच पिडले असेल.

सुरतेहून बारडोली सुमारे पस्तीस किलोमीटर. तोच रस्ता पुढे व्यारा, सोनगड, नवापूर असा घाट चढून खानदेशात धुळ्याकडे जातो. मोगल अमदानीत हा सुरत-बुऱ्हाणपूर मार्ग होता, आणि त्यावरून आग्र्यापर्यंतचा व्यापार चाले. झां बाप्तिस्त ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकाच्या मध्यास ह्या मार्गाने गेला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुरतेहून पहिला मुक्काम 'बार्नोली' असा दिला असून अंतर चौदा कोस सांगितले आहे. हे बारडोलीच, असे त्याच्या ग्रंथाच्या संपादकांनी ठरविले आहे. गाव मोठे आहे, तेथे नदी उतारावरून ओलांडावी लागते, वाटेत कोठे रान तर कोठे गहू-भाताची शेते लागतात, असे तो लिहितो. नदी म्हणजे मिंढोळा. आज ती पुलावरून ओलांडताना तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

पण मला ताव्हर्निए आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. हा गृहस्थ हिऱ्यांचा पारखी खरा, पण वाहनांचा शौकही त्याला तितकाच असला पाहिजे. बैल कसा निवडावा, त्याचे शिंग किती लांब असावे, त्याला काय खाऊ घालावे, भाडे किती पडते, हे सारे तो अशा आवडीने सांगतो की वाचताना एखाद्या मोटारवेड्या मित्राशी गोष्टी करीत बसल्यासारखे वाटते. त्याच्या गाडीच्या बैलजोडीस सुमारे सहाशे रुपये पडले. किमतीचे नवल मानू नका असे तो वाचकास बजावतो. कारण असे बैल दिवसाला बारा ते पंधरा लीग ह्या हिशेबाने, सदा दुडक्या चालीने, साठ-साठ दिवस चालतात. अर्धी मजल झाली की त्यांना गव्हाच्या पिठात लोणी आणि काळा गूळ मळून केलेले दोन-तीन गोळे द्यावयाचे, आणि संध्याकाळी भरडलेले हरभरे पाण्यात भिजवून घालावयाचे. भाड्याची गाडी घेतली तर दिवसाला सुमारे एक रुपया. सुरतेहून आग्र्यास पस्तीस ते चाळीस दिवस लागतात आणि सगळ्या प्रवासाचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये होतात.

आता ह्याचा हिशेब करून पाहा. सहाशे रुपयांत भाड्याच्या गाडीने आग्र्याच्या तेरा-चौदा खेपा झाल्या असत्या. बैलांचा खुराक, गडी, वाटेत जनावर दगावण्याची धास्ती हे सारे वेगळेच. नुसत्या पैशाच्या दृष्टीने ही खरेदी वेडेपणाची होती. पण ज्याच्या कमरेला लाखांचे हिरे आहेत त्याला आपले वाहन आज कोणत्या चालीने चालेल हे सकाळीच ठाऊक असावे लागते. भाड्याच्या जोडीबद्दल ते ठाऊक नसते. ताव्हर्निएने सहाशे रुपये मोजले ते बैलांना नव्हे, त्या भरवशाला मोजले, असा माझा तर्क आहे. रोज गाडी चालविणारा मनुष्य अजूनही त्यालाच पैसे मोजतो. विक्रीच्या भावात मात्र तो भरवसा कोठेच दिसत नाही, कारण तो गाडीपेक्षा गाडी आणि मालक ह्यांच्या परिचयात असतो. माझ्या फियाटचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर आहे. दुसरीतून तिसरीत जाताना तो क्षणभर अडतो, आणि तेथे हात किंचित सैल सोडावा लागतो. मला ते नकळत जमते. उद्या ती विकत घेणाऱ्यास तो दोषच वाटेल.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ह्या वाटेच्या बाजूने ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेपासून आमच्या खानदेशातील अमळनेरापर्यंत आली. आगगाडीचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे; येथे तिच्याशी काम आहे ते एवढ्यासाठी की पुढे पाव शतकाने तीच रेल्वे बारडोलीच्या शेतकऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी करण्यात आली.

ती हकीकत अशी. १९२० च्या दशकात बारडोली तालुक्याच्या साऱ्याची फेरआकारणी झाली. ते काम एम. एस. जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरांकडे होते. हे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांची गफलत होते म्हणून सांगितले. त्यांनी सुमारे तीस टक्के वाढ सुचविली. तालुक्याची भरभराट झाल्याची जी लक्षणे दाखविण्यात आली त्यांत ताप्ती व्हॅली रेल्वे होती, दुभती गुरे होती, पक्की घरे होती, कापसाचा चढलेला भाव होता. सेटलमेंट कमिशनर अँडरसन ह्यांनी मुख्य भर जमिनीच्या खंडावर दिला. शेवटी सरकारने वाढ सुमारे बावीस टक्क्यांवर आणली. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याचा निर्धार झाला आणि सत्याग्रह सुरू झाला.

राजकीय इतिहास म्हणून ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. मी तिच्याकडे मोल करण्याच्या दोन पद्धतींचे भांडण म्हणून पाहतो. दारात म्हैस दिसली की तिच्या दुधाचे पैसे मांडावयाचे, गावाजवळून रूळ गेला की कापसास भाव आला असे धरावयाचे. पण त्या म्हशीला चारा किती लागतो, कापूस स्टेशनापर्यंत न्यावयास गाडी किती दिवस अडकते, बैल किती वर्षांनी बदलावा लागतो, हा नित्याचा खर्च त्या कागदावर उतरत नाही. जुन्या मोटारीचे मोल करणारा दलालही असेच करतो. तो रंग पाहतो, मैलांचा आकडा पाहतो, सालाचा आकडा पाहतो. गाडी रोज सकाळी पहिल्या झटक्यास सुरू होते की नाही हे विचारावयाचे त्याला सुचत नाही.

जप्ती सुरू झाल्यावर हे भांडण रस्त्यावर आले. सरकारी माणसांना गावात बसावयास जागा मिळेना, की सामान न्यावयास बैलगाडी मिळेना. जप्तीचा रोख म्हशींवर अधिक होता. पठाण आणून बसविण्यात आले. त्यांच्या भयाने लोकांनी महिनोगणती घरांची दारे बंद ठेवली आणि आत माणसांच्या जोडीने जनावरे कोंडून घेतली. ऊन न लागल्याने म्हशींचा रंग फिका पडला, तेव्हा बारडोलीच्या म्हशी आता मडमा झाल्या, अशी थट्टा वल्लभभाईंनी केली. ती त्या प्रांतात अजून सांगितली जाते. थट्टेआड हाल होते. ज्या म्हशी पकडल्या गेल्या त्या कवडीमोलाने लिलावात गेल्या. शेतकऱ्याच्या घरी तिची जी किंमत होती आणि लिलावात जी आली, त्यांचा एकमेकींशी काही संबंध उरला नव्हता.

येथे एक कायद्याचा बारकावा सांगण्याजोगा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम कर्जवसुलीच्या जप्तीतून काही वस्तू वगळते. कारागिराची हत्यारे त्यांत आहेत, आणि शेतकऱ्याची औते व उपजीविकेस लागणारी जनावरेही आहेत. माणसाच्या मालमत्तेत काही वस्तू अशा असतात की त्या विकून पैसा होतो खरा, पण त्याचे पोटच विकले जाते, हे परक्या सत्तेच्या त्या कायद्यालाही उमगले होते.

६ ऑगस्ट १९२८ रोजी तडजोड झाली. चौकशीस दोन अधिकारी नेमले गेले. न्यायखात्याचे ब्रूमफील्ड, आणि महसूल खात्याचे मॅक्सवेल. ह्याच ब्रूमफील्डांनी १९२२ साली अहमदाबादेस गांधींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. ह्या दोघांनी गावोगाव जाऊन दाखले तपासले तेव्हा ज्या खंडाच्या आकड्यांवर सारी इमारत उभी होती तेच भरवशाचे नाहीत असे आढळले. १९२९ साली त्यांनी जी वाढ योग्य ठरविली ती सहा टक्क्यांच्या आसपास होती. मोल करणाराने प्रत्यक्ष जाऊन पाहिले की नाही, एवढाच काय तो बावीस आणि सहा ह्यांतला फरक!

ह्यानंतर दहा वर्षांनी त्याच तालुक्यात वाहनाचा अगदी निराळा प्रकार लोकांनी पाहिला. तापीच्या काठच्या हरिपुरा गावी १९३८ च्या फेब्रुवारीत काँग्रेसचे एक्कावन्नावे अधिवेशन भरले. विठ्ठलभाईंच्या नावाने विठ्ठलनगर उभारले गेले. नंदलाल बसूंनी ग्रामजीवनाची चित्रे काढून ते सजविले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांची मिरवणूक एक्कावन्न बैल जुंपलेल्या रथातून निघाली. त्यापूर्वी १९३६ च्या डिसेंबरात आमच्या खानदेशात फैजपूरला पहिले ग्रामीण अधिवेशन झाले तेव्हा जवाहरलालजींनाही बैलांच्याच रथातून नेले होते. मोटारी तेव्हा काही दुर्मिळ नव्हत्या. दोघांही अध्यक्षांचा एरवीचा पुष्कळ प्रवास मोटारीनेच होत असे. पण जत्रेच्या दिवशी देव पालखी सोडून रथात बसतो, तसेच ते होते. एक्कावन्न बैलांचा रथ एका माणसाला नेण्यासाठी लागत नाही. तो नैमित्तिक होता. त्याला त्या एका दिवसापलीकडे काम नव्हते, आणि असावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

ह्याच सुभाषबाबूंचे नाव दुसऱ्याही एका वाहनाशी कायमचे जोडले गेले आहे. कलकत्त्याच्या एल्गिन रोडवरील घरातून १९४१ च्या जानेवारीत, सोळा-सतराच्या रात्री, ते नजरकैदेतून निसटले ते वाँडरर नावाच्या एका लहानशा जर्मन मोटारीतून. ती त्यांचे पुतणे शिशिर बोस ह्यांनी गोमोहपर्यंत चालविली. घरात स्टुडबेकर ही मोठी गाडीही होती. पण ती लोकांच्या ओळखीची होती, आणि ओळखीची गाडी अशा कामी घातक. वाँडरर रोज रस्त्यावर दिसणारी, कोणी मान वळवून पाहू नये अशी. तिची सामान्यताच तिच्या उपयोगी पडली. पुढे ती त्याच घरात जपून ठेवली गेली, आणि २०१७ साली दुरुस्त होऊन राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते लोकांसमोर आली. आज तीही रथ झाली आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ती रथ झाली ती आधी एक रात्र मुकाट्याने गाडी राहिली म्हणून.

स्वातंत्र्यानंतरच्या मोटारींविषयी थोडक्यात. हिंदुस्थान मोटर्सचा आरंभ १९४२ साली सौराष्ट्राच्या ओखा बंदरी झाला आणि कारखाना पुढे बंगालात उत्तरपाड्यास गेला. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली. मागणी फार आणि गाड्या थोड्या, म्हणून १९५९ साली मोटारींच्या वाटप-विक्रीवर सरकारी नियंत्रण आले, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडले. त्या काळी एक चमत्कार घडे: वापरलेली गाडी कोऱ्या गाडीहून महाग विकली जाई. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ह्याला टंचाई म्हणतील. मला तर ताव्हर्निएचे सहाशे रुपयेच आठवतात. हाताशी असलेली, चालती गाडी ही कागदावरच्या गाडीहून मोलाची!

आता हे सारे उलटले आहे. मुंबईत काळी-पिवळी फियाट टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. खाजगी गाडीस पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करता येते, परंतु त्याचे जे शुल्क सहाशे रुपये होते ते २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजारांवर गेले. त्यामागची कारणे मी नाकारीत नाही. जुन्या इंजिनाचा धूर नव्यापेक्षा अधिक असतो. माझ्या गाडीत टक्कर झाल्यास चालकास वाचवील असे काहीच नाही. पावसात ब्रेक लावावयाचा तर चार हात आधी विचार करावा लागतो. महामार्गावर मालमोटारी मागून येऊ लागल्या की मी निमूटपणे डावीकडे होतो. जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. जुने पुष्कळ लोखंडच असते, आणि गंजलेलेही असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की जुन्या गाडीला वाचविण्याचा मार्ग म्हणून तिला रोजच्या रस्त्यावरून उठवून मखरात बसविणे, हा उपाय मोटारीच्या प्रकृतीस मानवत नाही. रथ लाकडाचा असतो, आणि उत्सवापूर्वी सुतार येऊन तो ठाकठीक करतो. मोटार उभी राहिली की आतून मरते. कारबुरेटरमधले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट राळ धरते, ब्रेकचे सिलिंडर अडकतात, बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे पडतात, रबराच्या नळ्यांना भेगा जातात. वर्षातून एकदा फुले लावून मिरविलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत, की ज्या मैदानापर्यंत दुसऱ्या वाहनावर चढवून आणाव्या लागल्या. दुसरे असे की गाडीबरोबर तिचा जाणकारही मरतो. बारडोलीच्या बाजारात एक वृद्ध मिस्त्री आहेत. ते टोपणात स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावून टॅपेटचा आवाज ऐकतात. त्यांच्याकडे माझी गाडी महिन्यातून एकदा जाते म्हणून त्यांच्या हाताखालचा मुलगा ते ऐकावयास शिकला. वर्षातून एकदा गेली असती तर शिकला नसता.

आणि बारडोलीच्या रस्त्यावर ही गोष्ट केवळ शौकिनांची नाही. १९५५ साली येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कापसाच्या जागी ऊस आला. गळिताचा हंगाम लागला की धुळे-नंदुरबारकडून आपली खानदेशी माणसे कोयता घेऊन सहकुटुंब येतात आणि शेतांच्या कडेला पाले ठोकून राहतात. थंडीच्या पहाटे बारडोलीच्या अलीकडे उसाची गाडी ओढणारी बैलजोडी माझ्या दिव्यांच्या उजेडात येते, तेव्हा गाडीवान ओरडतो तो मराठीत. त्याच्या गाडीला रबरी टायर आहेत, बहुधा कोणा मोडीत गेलेल्या मोटारीचेच. तिची बाजारात काय किंमत येईल ते मला सांगता येणार नाही. तिच्याविना त्या घरात चूल पेटत नाही, एवढे मात्र त्याच्याशी दोन शब्द बोलले तरी कळते.

गेल्या महिन्यात नोंदणीची मुदत संपत आली तेव्हा खिशातला तो जुना अर्ज काढून पुन्हा वाचला. मग दहा हजार भरून साधी नोंदणी नवी करून घेतली. 'व्हीए' ही अक्षरे माझ्या पाटीवर येणार नाहीत. मित्र म्हणाले, हा पैसा वाया गेला. गाडीच्या किमतीत तो कोठेच दिसणार नाही. खरे आहे.

परवा बारडोलीस पोहोचल्यावर पंपावर तेल भरले. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्यातले पुष्कळसे उसाच्याच रसा-मळीतून येते. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून मिस्त्रींनी तेलाच्या साऱ्या नळ्या बदलून दिल्या आणि कारबुरेटरचे जेट किंचित मोठे केले. ताव्हर्निएचे बैल ह्याच वाटेवर अर्ध्या मजलेला गूळ खात असत; माझी गाडीही आता तेच खाते आहे असे मी मिस्त्रींना सांगितले. त्यांना ताव्हर्निए ठाऊक नव्हता. परतताना चढावर तिसरा गिअर टिकतो का तेवढे पाहा, असे ते म्हणाले. टिकला.